४५ एचपीला फाळ किती? ट्रॅक्टरला पेलेल असा नांगर कसा निवडावा

नवा ट्रॅक्टर दारात आला, नारळ फुटला, पेढे वाटून झाले, की दुसऱ्या दिवशी घरात एकच विषय असतो: दोन फाळी नांगर घ्यायचा की तीन फाळी? सल्ला देणाऱ्यांची वाण नसते आणि सगळे बॉनेटकडे बघूनच सल्ला देतात. ४५ लिहिलंय ना, मग तीन फाळी आरामात ओढेल.

मीही तेच ऐकलं आणि तीन फाळी आणला. एप्रिलमध्ये तुरीचं रान रिकामं झालं होतं, धसकटं उभी होती, जमीन काळी, भारी. पहिलंच तास (नांगराची चर) घातलं आणि वीस पावलांवर ट्रॅक्टर थांबला. म्हणजे इंजिन थांबलं नाही, मागची चाकं जागेवर गरागरा फिरायला लागली. धूर नाही, आवाज दबलेला नाही, नुसती चाकं फिरतायत आणि खाली खड्डा पडतोय. बांधावर बसलेले शेजारचे आबा उठून आले, चाकाखालची माती हातात घेतली आणि म्हणाले, "इंजिनात दम आहे रे, पायाला धर नाही."

पुढचं सगळं त्यांच्या या एका वाक्याभोवतीच आहे. इंजिन फक्त चाक फिरवतं. नांगर ओढला जातो तो मागच्या चाकाखाली दबलेल्या वजनाने. नांगर निवडताना एचपी बघायचा असतोच, पण आधी वजन बघायचं असतं, आणि त्याच्याही आधी जमीन.

पहिली पायरी: जमीन आणि खोली ठरवा

जुने लोक हे गणित बैलांत करायचे. हलक्या रानात नांगराला एक जोडी पुरायची. काळ्या रानात लोखंडी नांगर खोल घालायचा तर सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपायचे. किर्लोस्करवाडी वसली १९१० साली, आणि तिथले लोखंडी नांगर गावोगाव गेले तेव्हाही माणसं नांगराच्या किमतीबरोबर बैल किती लागतील हे विचारायचीच. नांगर तोच, पण जमीन बदलली की जोड्या बदलायच्या. ट्रॅक्टर आला आणि हा प्रश्न विचारायचं आपण विसरलो.

नांगर मातीचा जेवढा काप उचलतो, त्याच्या दर चौरस सेंटिमीटरला किती किलो ओढ लागते हा मूळ आकडा. तो जमिनीवर ठरतो. पलटी, म्हणजे माती उलटून टाकणाऱ्या नांगरासाठी ढोबळ आकडे असे धरा: वाळूमिश्रित किंवा हलक्या जमिनीला ०.३ ते ०.४ किलो, पोयट्याच्या मध्यम जमिनीला ०.५ ते ०.६, आणि वाफशावरच्या (नांगरटीजोगी ओल असलेल्या) भारी काळ्या जमिनीला ०.८ च्या आसपास. हीच काळी जमीन मे महिन्यात भेगा पडून दगड झाली की आकडा १ च्या पुढे जातो. वाफसा निघून गेल्यावर नांगरटीला जुंपलं की ट्रॅक्टर कमी पडल्यासारखा वाटतो तो यामुळे. ट्रॅक्टर तोच असतो, तुम्ही पंधरा दिवस उशिरा आलेले असता.

तुमची जमीन यातली कुठली हे ठाऊक नसेल तर मूठभर ओली माती हातावर वळून बघा. वळीच पडत नाही ती हलकी. जाडसर वळी पडते पण वाकवली की तुटते ती मध्यम. बारीक लांब वळी होऊन तिचं कडं वळता येतं ती भारी. परभणी, राहुरी, अकोला किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत. नांगराची ओढ मोजायची साधनं तिथे असतात, विचारायला लाजू नका.

खोली अंदाजाने सांगू नका, मोजा. तासात काठी उभी धरा आणि न नांगरलेल्या जमिनीच्या पातळीवर खूण करा. बहुतेक जण "एक फूट जातो" म्हणतात आणि काठी ८ इंच दाखवते. वीतभर, म्हणजे ८ ते ९ इंच, ही नेहमीच्या नांगरटीची खोली. हरळी किंवा कुंद्यासारखं तण काढायचं असेल तरच त्याहून खाली जायचं कारण आहे. खोली वाढली की ओढ नुसती त्या प्रमाणात वाढत नाही. खालचा थर बैलांच्या खुरांनी आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी वर्षानुवर्षं दाबलेला असतो, तो वरच्यापेक्षा कठीण निघतो.

दुसरी पायरी: ओढीचा हिशेब

हिशेब सोपा आहे. फाळांची एकूण रुंदी सेंटिमीटरमध्ये, गुणिले खोली सेंटिमीटरमध्ये, गुणिले जमिनीचा आकडा. उत्तर किलोत येतं.

१२ इंची फाळ म्हणजे ३० सेंटिमीटर, १४ इंची म्हणजे ३५. दोन फाळी, १२ इंची नांगर ६० सेंटिमीटर काप घेतो. खोली २० सेंटिमीटर, जमीन भारी काळी.

६० × २० × ०.८ = ९६० किलो.

तीन फाळी घेतला तर रुंदी ९० होते आणि ओढ १,४४० किलो. दोन फाळीच ठेवला पण खोली २३ सेंटिमीटर केली, तर साधारण १,१०० किलो. एवढीशी खोली वाढवली तर किती फरक पडतो ते इथेच दिसतं.

हाच तीन फाळी पोयट्याच्या जमिनीत, २० सेंटिमीटरवर, ०.५५ च्या आकड्याने ९९० किलो मागतो. हलक्या जमिनीत ६३० च. म्हणजे हलक्या रानातला तीन फाळी काळ्या रानातल्या दोन फाळीपेक्षाही सोपा. शेजारच्या तालुक्यातल्या पाहुण्याने "आमचा ४५ चा तर तीन फाळी ओढतो" असं सांगितलं तर तो खोटं बोलत नसतो. त्याची जमीन वेगळी असते.

तिसरी पायरी: एचपी कुठे जातो

बॉनेटवरचा आकडा इंजिनाचा. पीटीओला, म्हणजे मागे यंत्रं फिरवणाऱ्या दांड्याला, त्यातला साधारण ८५ टक्के पोहोचतो. ४५ चा ट्रॅक्टर पीटीओला ३८-३९ देतो. तिथून पुढे गिअर, टायर आणि माती यांच्यात आणखी जातो. टू व्हील ड्राइव्ह (फक्त मागची चाकं ओढणारा) ट्रॅक्टर न नांगरलेल्या घट्ट जमिनीवर पीटीओच्या साधारण ७० टक्के ताकद ओढीला लावतो, भुसभुशीत जमिनीवर ५५ ते ६५. म्हणजे ४५ मधले प्रत्यक्ष ओढायला २७ च्या आसपास उरले. दिवसभर काम करायचं तर तेही पूर्ण पिळून घेऊ नयेत, ८० टक्क्यांवर थांबावं. हातात राहिले २१-२२.

आता नांगराला किती लागतात ते काढू. ओढ किलोत, गुणिले वेग ताशी किलोमीटरमध्ये, भागिले २७०. दोन फाळीला ताशी ४.५ किलोमीटरने ९६० × ४.५ ÷ २७० = १६ एचपी. आरामात बसतो. तीन फाळीला २४. रेटून बसतो.

इथेच दुकानदार म्हणतो, "एक गिअर खाली घ्या." आणि त्याचं बरोबर असतं. वेग ३.५ वर आणला की तीन फाळीला जेमतेम १९ एचपी लागतात. गणित सुटलं! पण गिअर खाली घेतल्याने एचपीची गरज कमी होते, ओढ कमी होत नाही. ती १,४४० किलो होती, तेवढीच आहे. माझा ट्रॅक्टर एप्रिलमध्ये उभा राहिला तेव्हा मी सगळ्यात खालच्या गिअरमध्ये होतो.

चौथी पायरी: वजनाचं गणित

यावर सगळ्यात कमी बोललं जातं, म्हणून मी जरा जास्त बोलतो.

बैल आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं दिवसभर ओढतो. रबरी टायरचं चाक त्याच्यावर दाबलेल्या वजनाच्या साधारण निम्मं ओढतं, तेही घट्ट, न नांगरलेल्या जमिनीवर. ओलसर किंवा भुसभुशीत रानात हा हिस्सा ४० टक्क्यांवर किंवा त्याखाली येतो. मागच्या चाकांवर काम करताना किती वजन आहे हे काढलं की उत्तर समोर येतं.

४५ एचपीचा ट्रॅक्टर साधारण २,००० किलोचा धरू. नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो. त्यातलं मागच्या एक्सलवर साधारण १,२५० किलो. मागे दोन फाळी हायड्रॉलिक पलटी लावला, तो स्वतः ३५०-४०० किलोचा असतो. चालताना त्याचं वजन, मातीची खालची ओढ आणि पुढच्या चाकांवरून मागे सरकलेलं वजन मिळून मागच्या चाकांवर साधारण ४०० किलो वाढतात असं धरा. झाले १,६५०. त्याचं निम्मं ८२५ किलो.

दोन फाळीला काळ्या जमिनीत ९६० हवेत. म्हणजे कोरा ट्रॅक्टर, जसा शोरूममधून आला तसा, काळ्या रानात दोन फाळीलाही अपुरा आहे! एचपीच्या हिशेबात तो आरामात बसत होता. तीन फाळीच्या १,४४० साठी तर मागच्या चाकांवर २,८८० किलो लागतील. तेवढं वजन ४५ च्या एक्सलवर आणि त्या टायरवर घालायचंच नाही.

वजन मागे सरकतं ही गोष्ट सहज बोलून गेलो, पण तिच्या मागे मोठा इतिहास आहे. पूर्वी नांगर साखळीने किंवा ड्रॉबारला (ट्रॅक्टरमागच्या ओढायच्या दांड्याला) बांधून ओढला जायचा. नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकाच्या अंगावर उलटायचा. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी नांगर तीन ठिकाणी ट्रॅक्टरला जोडला आणि हायड्रॉलिकवर टांगला. १९३९ सालच्या फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरवर ही जोडणी आली आणि मग ती सगळ्या जगाने घेतली. नांगर जेवढा जोरात मागे ओढतो तेवढं मागचं चाक जमिनीत दाबलं जातं, ही त्यातली गंमत. छोटा, हलका ट्रॅक्टर मोठ्याचं काम करायला लागला तो इथून. तुमच्या सीटच्या बाजूला जे दोन लिव्हर आहेत, त्यातला ड्राफ्ट कंट्रोलचा लिव्हर यासाठीच आहे. नांगरटीला तोच वापरायचा. कठीण जागा आली की तो नांगर किंचित वर घेतो, वजन मागे टाकतो आणि जागा सरली की परत खाली सोडतो. नवे चालक नांगरटही पोझिशन कंट्रोलवर (जो अवजार एकाच उंचीवर धरून ठेवतो) करतात, कारण रोटाव्हेटरची सवय झालेली असते. मग जमीन जिथे कठीण, तिथे चाकं फिरतात.

फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा, फायदाही वजनातच आहे. एचपी वाढत नाही, पण पुढच्या चाकांवरचं वजन नुसतं उभं न राहता ओढायला लागतं. काळ्या जमिनीत भाड्याने नांगरट करायची असेल तर जास्त एचपीच्या टू व्हीलपेक्षा थोड्या कमी एचपीचा फोर बाय फोर घ्या असं माझं मत आहे. घरच्या पाच एकरासाठी मात्र तो खर्च कशाला?

ट्रॅक्टर अजून घ्यायचा असेल तर मध्य प्रदेशात बुदनी इथल्या सरकारी संस्थेचा चाचणी अहवाल मागा. तिथे ट्रॅक्टरची ओढायची ताकद प्रत्यक्ष मोजतात, वजन लावून आणि वजनाशिवाय अशी दोन्ही. माहितीपत्रकावरच्या फोटोपेक्षा ते एक पान जास्त बोलतं.

पाचवी पायरी: कमी पडलं तर आधी पाणी

वरच्या हिशेबात आपल्याला १३५ किलो ओढ कमी पडली. म्हणजे मागच्या चाकांवर निदान पावणेतीनशे किलो वाढवायचे. ते सगळ्यात स्वस्तात पाण्याने वाढतात. १३.६-२८ मापाच्या दोन्ही मागच्या टायरांत पाऊणभर पाणी भरलं की साधारण साडेतीनशे किलो होतात. मागे २,००० झाले, निम्मे १,०००, आणि ९६० चा नांगर चालला. खर्च जवळपास शून्य.

पाणी भरताना चाक जॅकवर उचला आणि व्हॉल्व्ह बरोबर वर येईल असं फिरवा. मागच्या टायरना पाणी-हवेचा व्हॉल्व्ह असतो, त्याची पिन काढली की पाणी जातं. व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर यायला लागलं की पाऊण टायर भरला. मग पिन बसवा आणि हवा भरा. टायर गच्च भरू नका, वर हवेची गादी राहिलीच पाहिजे, नाहीतर दगडावर टायर दणके खातो.

टायरमधली हवा हा याचाच दुसरा भाग. गावातला पंक्चरवाला सवयीने ट्रॉलीसाठी लागते तेवढी हवा भरून देतो, २० पीएसआयच्या पुढे. तसा टायर रानात नुसत्या मधल्या पट्ट्यावर चालतो. नांगरटीला मागच्या टायरमध्ये १२ ते १५ पीएसआय पुरते, पुस्तिकेत तुमच्या टायरचा आकडा दिलेला असतो. हवा कमी केली की टायर पसरतो आणि जास्त नख्या मातीत रुततात. ट्रॉली जोडण्याआधी ती परत वाढवायला मात्र विसरू नका.

पुढचं वजनही बघा. एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. बांधाच्या कडेला नांगर उचलून वळताना स्टिअरिंग हलकं लागत असेल, किंवा पुढची चाकं टेकतायत न टेकतायत असं वाटत असेल, तर पुढे बंपरला वजनाच्या प्लेटा लावा. इथे काही जण बंपरवर पोरगं बसवतात. ते करू नका, आणि दुसऱ्याला करताना बघितलं तर त्यालाही करू देऊ नका.

पेरणी, कोळपणीला हेच वजन नको असतं, कारण ओलसर रान दबतं. लोखंडी वजनं काढता येतात, पाणी सोडून द्यावं लागतं. वर्षातले दहाच दिवस नांगरट असेल तर लोखंडी वजनं बरी.

सहावी पायरी: रानात तपासा

कागदावरचं सगळं अंदाजाचं आहे. खरं उत्तर रान देतं, आणि ते मोजायला चुन्याची फक्की आणि टेप पुरते.

मागच्या चाकाच्या बाजूला वरून खालपर्यंत चुन्याने एक रेघ मारा. नांगर उचलून, त्याच रानात, नेहमीच्या गिअरमध्ये चाकाचे दहा वेढे पूर्ण होईपर्यंत चाला आणि अंतर मोजा. १३.६-२८ च्या टायरला ते ४० मीटरच्या आसपास येतं. आता नांगर पूर्ण खोलीवर घालून परत दहा वेढे. समजा अंतर ३५ मीटर भरलं. पाच मीटर गेले, ४० मधले पाच म्हणजे १२.५ टक्के स्लिप, चाकाचं फुकट फिरणं. टू व्हीलला १० ते १५ टक्के स्लिप बरोबर, फोर बाय फोरला ८ ते १२.

अंतर २८ मीटर भरलं तर स्लिप ३० टक्के. चाक शंभर पावलं चाललं आणि ट्रॅक्टर सत्तर. उरलेल्या तीस पावलांचं डिझेल आणि टायरचं रबर रानात गेलं. नांगराची खोली दोन बोटं कमी करा, वजन वाढवा, किंवा वाफशाची वाट बघा. उलट ३८ मीटर भरलं, म्हणजे स्लिप पाचच टक्के, तर नांगर लहान आहे किंवा ट्रॅक्टरवर नको तेवढं वजन लादलंय. तेही फुकटचं ओझं. ते वाहून न्यायलाही डिझेल लागतं.

टेप नसेल तर आबांची पद्धत वापरा. ते ट्रॅक्टरकडे बघतच नाहीत, चाकाच्या मागची माती बघतात. टायरच्या नखीचा ठसा छाप मारल्यासारखा कोरीव, अखंड उठला असेल तर वजन जास्त आहे. ठसा पार पुसला जाऊन नुसता घासलेला पट्टा दिसत असेल तर स्लिप जास्त. नखीच्या कडा ओळखू येतात पण मधली माती मागे सरकलेली दिसते, ते बरोबर. मी नंतर दोन-तीनदा त्यांचा अंदाज टेपने ताडून बघितला. टेप काढायची गरज नव्हती.

वेगही एकदा मोजून ठेवा. २० मीटरवर दोन काठ्या रोवा. १६ सेकंदांत एकीपासून दुसरीपर्यंत गेलात तर ताशी ४.५ किलोमीटर झाले. दोन फाळी १२ इंची नांगर या वेगाने, वळणांचा वेळ धरून, तासाला साधारण २० गुंठे उरकतो. एकराला दोन तास. फारच जास्त वेळ लागत असेल तर कुठेतरी चाक फुकट फिरतंय.

नांगर न बदलता ओढ कमी करणाऱ्या गोष्टी

फाळाचं टोक झिजून गोल झालं की नांगर जमिनीत शिरत नाही. मग माणूस टॉप लिंक (नांगराला वरून जोडणारी दांडी) आखडतो, नांगराचं नाक खाली जातं, मागचा भाग वर उचलला जातो आणि ओढ आणखी जड होते. टॉप लिंक हा खोली वाढवायचा नट नाही. तासात चालताना नांगराची चौकट बाजूने बघितली तर जमिनीला समांतर दिसली पाहिजे, मागून बघितली तरी सपाट. त्यासाठी टॉप लिंक आणि उजव्या लिंकचं हँडल फिरवायचं असतं. टोक झिजलं असेल तर लोहाराकडे जा, नाहीतर नवा फाळ टाका. एका झिजक्या फाळावर अख्खा हंगाम काढणारे लोक मी बघितलेत, आणि तेच डिझेलच्या भावाला सगळ्यात जास्त शिव्या देतात.

काळी माती ओलसर असली की नांगराच्या माती उलटणाऱ्या पत्र्याला चिकटते. मग माती पत्र्यावरून घसरत नाही, मातीवरूनच माती घासते आणि ओढ वाढते. अमेरिकेत इलिनॉयच्या चिकट जमिनीत हीच तक्रार होती आणि १८३७ साली जॉन डिअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी पत्र्याचा नांगर केला तो त्यावरच. हंगाम संपला की पत्रा धुऊन त्याला जुनं इंजिन ऑइल लावून ठेवा. गंजलेला पत्रा पुढच्या वर्षी पहिले दोन एकर नुसता त्रास देतो.

चाकांमधलं अंतर ही न दिसणारी भानगड. नांगरताना एका बाजूचं चाक आधीच्या तासात चालतं. दोन्ही मागच्या चाकांच्या आतल्या कडांमध्ये एक मीटर अंतर असेल, तर ट्रॅक्टरचा मध्य तासाच्या भिंतीपासून ५० सेंटिमीटरवर येतो. दोन फाळी १२ इंची नांगराच्या कापाचा मध्य मात्र ३० वर. ओढ एका बाजूला पडते, ट्रॅक्टर तासाकडे खेचला जातो आणि चालक दिवसभर स्टिअरिंग उलटं धरून बसतो. तीन फाळीचा मध्य ४५ वर येतो, तो जवळपास जुळतो. दोन फाळी घेणाऱ्यांनी म्हणून चाकं आत घ्यावीत, रिम उलटसुलट करून ते जमतं. पुढच्या चाकांचं आतलं अंतरही मागच्याइतकंच ठेवा. आणि टायर १३.६ इंची असेल तर १२ इंची तासात तो भिंतीला घासत चालतो, जमीन थोडी मध्यम असेल तर दोन फाळी १४ इंचीच बघा.

विकत घेताना

दर ठरवण्याआधी आपल्या रानात एक तास चालवून दाखवायला सांगा. चांगला विक्रेता तयार होतो. लिफ्टची क्षमता बघा, पण तो आकडा लिंकच्या टोकाशी असतो. पलटी नांगराचं वजन त्याच्या बरंच मागे पडतं, त्यामुळे लिफ्टला नांगराच्या वजनापेक्षा खूप जास्त दम हवा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अनुदानासाठी अर्ज करणार असाल तर नांगराचा आकार आधी ठरवा, मग अर्ज करा. अनुदान मिळतंय म्हणून मोठा घेतला आणि मग ट्रॅक्टरला पेलला नाही, अशी उदाहरणं प्रत्येक गावात एकदोन सापडतील.

शिअर बोल्ट नांगराबरोबर येतो तसाच, तेवढ्याच ताकदीचा वापरा. दगडाला अडकल्यावर तो तुटतो, तुटण्यासाठीच तो आहे. त्याच्या जागी जाड बोल्ट घातला की पुढच्या दगडाला चौकट वाकते. डब्यात पाच-सहा बोल्ट आणि पाना ठेवा.

माझ्या तीन फाळीचं काय झालं? दोन वर्षं शेडमध्ये पडून होता. मग गोदाकाठच्या एका शेतकऱ्याने नेला. त्याचं रान गाळाचं, पोयट्याचं आहे, आणि त्याच्याकडे माझ्यासारखाच, त्याच कंपनीचा ४५ चा ट्रॅक्टर आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या बांधावर गेलो होतो. तो माझ्यापेक्षा एक गिअर वर घालून ओढत होता, मोबाईलवर गाणी लावून.